पोळा, पोया आणि पोरा

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी ऐतिहासिक स्वरूपाचे लिहून द्यावे, असे संपादक मंडळाने सुचविले. तेव्हा प्रथम डोळ्यांपुढे आल्या त्या नागपूरकर भोसल्यांच्या छत्तीसगढावरील स्वाऱ्या. परंतु तो विषय या भागातील स्मरणिकांतून अनेकदा येऊन गेला आहे, आणि प्रस्तुत लेखक इतिहासाचा पंडितही नव्हे. बी. ए. ची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलेला व बदल्यांच्या निमित्ताने ठिकठिकाणचे पाणी प्यालेला तो एक सामान्य गृहस्थ आहे. तरीही लिहावयास बसलो, याचे कारण माझ्यावर असलेले एक जुने देणे. ते आधी सांगतो, म्हणजे पुढील विवेचनाचा रोख वाचकांच्या ध्यानी येईल.

काही वर्षांपूर्वी मंडळाच्या वक्तृत्व स्पर्धेत परीक्षक म्हणून बसण्याचा मान मला मिळाला होता. लहान गटाचा विषय होता ‘माझा आवडता सण’. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी पोळ्यावर बोलली. बैलांना न्हाऊ घालणे, शिंगांना रंग देणे, गळ्यात घुंगूरमाळा बांधणे, सारे वर्णन तिने कागदाकडे न पाहता, रंगून केले. मात्र भाषणभर ती ‘पोळा’ न म्हणता ‘पोरा’ म्हणत होती, आणि बैलाचे डोळे हे तिच्या तोंडी ‘डोरे’ होते. माझ्यापुढील कागदावर ‘उच्चार’ या सदरास दहा गुण होते. मी तिला तीन दिले. तिचा क्रमांक गेला.

समारंभानंतर ती माझ्याजवळ आली. “काका, पोरा म्हनलं म्हनून मार्क कापले का? आमची आजी त पोराच म्हनते,” असे तिने विचारले. तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यावयाचे होते. “घरी आजीशी तसे बोललीस तर चालेल, बाळ, पण व्यासपीठावर शुद्ध बोलावे,” असे ठरावीक उत्तर मी दिले. तिने मान डोलावली. पुढील वर्षी स्पर्धकांच्या यादीत तिचे नाव नव्हते, आणि त्यानंतरही कधी दिसले नाही.

यात मला बोचणारी गोष्ट निराळीच आहे. माझी आई भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्याची. ती जन्मभर ‘पोरा’च म्हणाली. गुण देताना हे मला ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय नाही. त्या मुलीच्या प्रश्नाला जे उत्तर मी तेव्हा द्यावयास हवे होते, ते जुळविण्यासाठी पुढे जी पुस्तके धुंडाळली व जे कान उघडे ठेवून ऐकले, त्याचा हा गोषवारा आहे.

प्रथम या ‘ळ’काराचीच थोडी चौकशी करू. मराठीतील अत्यंत मराठी अक्षर म्हणून आपण त्याच्याकडे पाहतो. वास्तविक ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात तो येतो. तेथे दोन स्वरांमध्ये सापडलेल्या ‘ड’काराचे ते रूप आहे. पुढे अभिजात संस्कृतात तो दिसेनासा झाला, आणि लोकभाषांत दुसऱ्या वाटेने परत आला. संस्कृतात दोन स्वरांच्या मध्ये एकटा ‘ल’ असेल तर मराठीत त्याचा ‘ळ’ होतो: फल-फळ, कमल-कमळ, नील-निळा. मात्र प्राकृतात तो ‘ल’ जोडाक्षरात दुहेरी झाला असेल तर मराठीत साधा ‘ल’च उरतो. तैलाचे प्राकृतात ‘तेल्ल’ झाले, म्हणून आपण ‘तेल’ म्हणतो, ‘तेळ’ नव्हे. ‘गल्ल’ म्हणून ‘गाल’, ‘फुल्ल’ म्हणून ‘फूल’. याच नियमाने ‘काळ’ आणि ‘काल’ हे दोन शब्द वेगळे झाले. समय या अर्थाचा संस्कृत ‘काल’ हा मराठीत ‘काळ’ झाला, आणि ‘कल्य’पासून प्राकृतात ‘कल्ल’ होऊन आलेला ‘काल’ हा मागचा दिवस दाखवू लागला. ज्या निरक्षर आयाबायांनी हा भेद शतकानुशतके जिभेवर सांभाळला, त्यांना व्याकरण कोणी शिकविले होते?

आता हाच ‘ळ’ महाराष्ट्रात गावोगावी कसा बदलतो ते पाहा. पुणे, सातारा, कोल्हापूर येथे तो ठणठणीत आहे. मुंबई-ठाण्याच्या किनाऱ्यावरील आगरी-कोळी समाजात त्याचा ‘ल’ होतो. डोळा हा ‘डोला’ आणि काळा हा ‘काला’. खानदेशात आणि वऱ्हाडात त्याचा ‘य’ होतो. तेथे ‘डोया’, ‘काया’, ‘फय’, आणि अर्थातच ‘पोया’. नागपूर ओलांडून वैनगंगेकडे आलो की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या मुलखाला पूर्वापार झाडीपट्टी म्हणतात. तेथील झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो. नळ हा ‘नर’, मुळा हा ‘मुरा’, डोळा हा ‘डोरा’. (पुण्याच्या माणसास ‘पोरा’ ऐकून कोणी मुलाला हाक मारीत आहे असे वाटेल, त्याला इलाज नाही.) या बोलीचा अभ्यास डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी निष्ठेने केला. ण, श, ष, छ आणि ळ ही व्यंजने तिच्यात नाहीत, असे या बोलीविषयी सांगितले जाते.

आणि मग आपण दरेकशाचा बोगदा ओलांडून डोंगरगढला येतो, राजनांदगाव मागे टाकून दुर्गला उतरतो, अहिवाऱ्याच्या आठवडी बाजारात श्रावणी अमावास्येच्या आधी जातो, तर मातीचे नंदीबैल विकणारी छत्तीसगढी बाई आपल्याला सणाचे नाव काय सांगते? ‘पोरा’! तिच्या पंचांगात ती अमावास्या भाद्रपदाची असते, कारण तिचा महिना पौर्णिमेला संपतो. दिवस तोच, सण तोच, आणि नावही माझ्या आईचेच. ज्या उच्चाराला मी अशुद्ध ठरविले तो वैनगंगेपासून शिवनाथ नदीपर्यंत सलग पसरलेला आहे. १९५६ साली राज्यांच्या सीमा आखणाऱ्यांनी नकाशावर जी रेघ ओढली, तिची दखल ‘र’काराने घेतलेली नाही.

बोलींच्या सीमा राज्यांच्या सीमांवरून जात नाहीत याची आणखी एक खूण येथे सांगण्यासारखी आहे. प्रमाण मराठीत आपण ‘मला, तुला’ म्हणतो. वऱ्हाडात ‘मले, तुले’ म्हणतात, मालवणात ‘माका, तुका’. आता छत्तीसगढीत पाहा: ‘मोला, तोला’. हिंदीच्या कुटुंबात गणल्या जाणाऱ्या या भाषेत कर्माचा प्रत्यय ‘को’ नसून ‘ला’ आहे. एका घरातून दुसऱ्या घरात तो गेला, की दोघींनीही तो स्वतंत्रपणे घडविला, हा वाद पंडितांसाठी सोडून देऊ. परंतु भिलाईत नव्याने आलेल्या मराठी गृहिणीला भाजीवालीचे बोलणे हिंदीपेक्षा लवकर कळते, याचे एक कारण यात असावे असे मला वाटते.

मराठी माणूस या प्रदेशात कसा आला, हे थोडक्यात सांगणे येथे प्राप्त आहे, कारण प्रत्येक लाटेबरोबर निराळी बोली आली. १७४१ मध्ये रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांनी रतनपूरच्या हैहयवंशी राज्यावर चाल केली. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपूरला राहून राज्य करू लागले. तेथील रामटेकडीवरचे राममंदिर त्यांचे. १७८७ मध्ये ते वारल्यावर नागपूरहून सुभेदार येऊ लागले. परगण्यापरगण्यांत कमाविसदार, फडणवीस, वऱ्हाडपांडे, पंढरीपांडे असे अधिकारी बसले. ही पदे पुढे आडनावे होऊन उरली, आणि नागपूर-रायपूरकडील कितीतरी घरांच्या दारांवर आजही दिसतात. १८१८ मध्ये इंग्रज देखरेख आली, कर्नल अॅग्न्यू यांनी ठाणे रतनपूरहून रायपूरला हलविले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत जन्माला आला. या प्रांताची राजधानी नागपूर होती, आणि त्याच्या कारभारात हिंदी व मराठी या दोन्ही भाषा नांदत होत्या. त्यामुळे कारकून, मास्तर, वकील, ओव्हरसियर या नात्याने मराठी माणसे दुर्ग-रायपूर-बिलासपूरला सहज येत-जात असत.

त्या काळातील या दोन भाषांची सोयरीक आज कल्पनेनेच जाणून घ्यावी लागते. मराठी घरात जन्मलेल्या माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्राहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले आणि पुढे लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. अलीकडचे उदाहरण मुक्तिबोध बंधूंचे. थोरले गजानन माधव हे हिंदीचे मोठे कवी. १९५८ पासून ते राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवीत होते आणि १९६४ मध्ये वारले. धाकटे शरच्चंद्र हे मराठीचे कवी आणि समीक्षक. एका आईच्या दोन मुलांनी दोन भाषांत नाव मिळविले, आणि त्यांतला एक आपल्यापासून तास-दीड तासाच्या अंतरावर राहत होता.

शेवटची आणि सर्वांत मोठी लाट कारखान्याची. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत रशियाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. लोखंडाचा दगड दल्ली-राजहऱ्याचा, तर चुनखडी आपल्या नंदिनीची. या पोलादनगरीत सेक्टरांच्या क्वार्टरांतून आणि खाणींच्या वसाहतींतून नागपूर-भंडाऱ्याकडील मंडळी आली, तशीच जळगाव, कोल्हापूर, रत्नागिरी आणि नांदेडचीही. गावाकडे ज्यांची कधी गाठ पडली नसती, अशा बोली एका नळावर पाणी भरू लागल्या.

त्यातून ज्या गमती उडाल्या त्यांपैकी एक माझ्याच घरची आहे. माझी पत्नी कोल्हापूरची. लग्नानंतरच्या पहिल्या हळदीकुंकवाला निघताना ती यजमानीणबाईंना म्हणाली, “बराय, येतो मी.” सगळ्या बायका हसू लागल्या. एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, “अगं सूनबाई, ‘येतो’ काय? ‘येते’ म्हण. तू काय पुरुष आहेस?” बिचारी घरी येऊन रडली. तिची आजी, आई, मावशी साऱ्याजणी ‘मी येतो, मी जातो’च म्हणत आल्या होत्या. याची मीमांसा पुढे मला सापडली. त्या भागाच्या सीमेला कन्नड भाषा आहे, आणि कन्नडमध्ये ‘मी’ म्हणणाऱ्याच्या क्रियापदाला लिंगभेद नसतो. पुरुष असो वा स्त्री, रूप एकच. शेजारणीच्या व्याकरणाची ती छाया आहे. आज तीस वर्षांनंतर माझी पत्नी बाहेर ‘येते’ म्हणते आणि माहेरी फोन लावला की पहिल्या वाक्यातच ‘येतो’वर जाते. ती घडी मी मुद्दाम ऐकत बसतो.

वऱ्हाडी-नागपुरी ‘करून राहिलो’ या प्रयोगाला तर आपल्याकडे सरसकट ‘हिंदीचा संसर्ग’ म्हणून हिणविले जाते. नागपूरचा माणूस ‘काय करून राहिला?’ असे विचारतो, तेव्हा पुण्याकडील आपले स्नेही गालातल्या गालात हसतात. परंतु खानदेशची अहिराणीही ‘करी राहिना’ म्हणते आणि गुजरातीतही तसाच प्रयोग आहे. सोलापूर-मराठवाड्याकडे ‘करायलाय’ म्हणतात. चालू क्रिया दाखविण्याची गरज प्रत्येक बोलीने आपल्या परीने भागविली, इतकेच. बोलीबद्दलचे आपले समज किती वरवरचे असतात पाहा: लक्ष्मण देशपांडे यांचा ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा प्रयोग वऱ्हाडी बोलीत आहे असे मानणारे सुशिक्षित गृहस्थ मला आजही भेटतात. त्यातील वऱ्हाड लग्नाचे आहे, आणि बोली मराठवाड्याची!

मग ‘शुद्ध’ मराठी ठरविले कोणी? आपण मानतो तितकी ती गोष्ट पुरातन नाही. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ चे. छापखाने, शाळाखाते, पाठ्यपुस्तके ही मुंबई-पुण्याच्या परिसरात उभी राहिली, म्हणून तेथील शिष्ट समाजाची भाषा प्रमाण झाली. सर्व प्रांतांना एकमेकांचे लिहिलेले कळावे यासाठी अशी एक भाषा हवी हे मला मान्य आहे. सरकारी नोकरीत सारी हयात टिपणे लिहिण्यात गेलेल्या माणसाने ते अमान्य करणे शोभणार नाही. परंतु प्रमाण म्हणजे पवित्र नव्हे. माझे वडील ‘केलें’, ‘गेलें’ असे अनुस्वार देऊन लिहीत. त्यांच्या शाळेत अनुस्वार चुकला तर छडी बसे. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी तो न उच्चारला जाणारा अनुस्वार काढून टाकला, आणि आमच्या शाळेत अनुस्वार दिला तर गुण कापले जात. आम्ही दोघेही आपापल्या परीने शुद्धच लिहीत होतो.

शिवाय जुन्या काळाकडे पाहिले तर पारडे उलटेच दिसते. मराठीतील पहिला मोठा गद्यग्रंथ ‘लीळाचरित्र’. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी तो सिद्ध केला तो अमरावतीजवळच्या रिद्धपुरास, म्हणजे वऱ्हाडात. महानुभाव पंथाचे आचार्य नागदेव यांनी आपल्या विद्वान शिष्याला संस्कृतात लिहिण्यापासून परावृत्त केले, कारण त्यामुळे पंथातील साध्यासुध्या म्हाताऱ्या बाया ज्ञानाला मुकतील, अशी त्यांना चिंता होती. मराठी गद्याचा पाया घातला गेला तेव्हा त्या म्हाताऱ्यांचे कान ध्यानी घेतले गेले होते. मी गुण देताना ते घेतले नाहीत.

बोलींची रीतसर मोजदाद प्रथम जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाने केली. बायबलातील उधळ्या पुत्राची कथा गावोगावच्या बोलींत सांगवून ती उतरवून घ्यावयाची, अशी त्यांची पद्धत होती. मराठीचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात आपल्या दृष्टीने मोठी नवलाची गोष्ट आहे. बस्तरची हळबी या मराठीच्या खंडात आहे, तर खानदेशची अहिराणी त्यात नाही; ती नवव्या खंडात भिल्लांच्या बोलींबरोबर घातलेली आहे. जळगाव-धुळ्याकडील सभासदांना हे रुचणार नाही याची मला कल्पना आहे. हळबी बस्तर, कांकेर, दल्ली-राजहऱ्याच्या परिसरात आणि पलीकडे गडचिरोलीकडे ऐकू येते. तिच्यात मराठी, छत्तीसगढी आणि उडिया यांचे मिश्रण आहे. परंतु षष्ठीचा प्रत्यय ‘चो’ आहे आणि ‘आहे’ला ‘आसे’ म्हणतात. बस्तरच्या संस्थानात निरनिराळ्या जमातींच्या लोकांना परस्परांशी बोलण्यासाठी तीच उपयोगी पडत असे. आपण येथे परक्या मुलखात मराठीचे बेट जपून आहोत अशी भाषणे मंडळाच्या प्रत्येक वर्धापनदिनी होतात. त्या बेटापासून शंभर किलोमीटरच्या आत, ज्यांनी पुणे-मुंबईचे नावही ऐकले नसेल असे लोक कितीतरी पिढ्या ‘चो’ प्रत्यय वापरीत आले आहेत, हे मी तरी पन्नाशी उलटेपर्यंत कोणाच्या भाषणात ऐकले नव्हते.

पुढे १९६० नंतर डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या सर्वेक्षणाचे खंड काढले, त्यांत कासरगोडच्या मराठीपर्यंत मजल गेली. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी गावोगाव हिंडून बोलींचे ध्वनिमुद्रण केले आहे. रंगभूमीने आणि काव्यानेही आपला वाटा उचलला. १९८० मध्ये ‘वस्त्रहरण’ आले आणि मालवणी बोलण्याची लाज मुंबईतील गिरणगावातून जवळजवळ नाहीशी झाली. बहिणाबाईंच्या कविता १९५२ मध्ये छापल्या गेल्यावर जळगावकडील लेवा बोलीला कोणी गावंढळ म्हणेनासे झाले. झाडीपट्टीतही हिवाळ्यात वडसा-देसाईगंजच्या परिसरात रात्ररात्र नाटके चालतात आणि हजारो लोक ती पाहतात.

आपल्या भिलाई-अहिवाऱ्याच्या मुलांकडे वळतो. त्यांच्या तोंडी ‘ळ’चा ‘ल’ झाला आहे, तो आगरी-कोळ्यांचा नव्हे, शाळेतील हिंदीचा. ‘चमचा’तला च आणि ‘चिमणी’तला च हे दोन निराळे उच्चार आहेत, हेही त्यांना सांगावे लागते, सांगितले तरी ऐकू येत नाही. ‘येतो करके म्हणाला’ असे वाक्य माझ्याच मुलाने परवा उच्चारले. मी टोकणार होतो. मग वाटले की आणखी शंभर वर्षांनी एखादा ग्रियर्सन येथे आला, तर भिलाईची मराठी म्हणून हेच वाक्य तो उतरवून घेईल. तरीही मी टोकले. सवय जाता जात नाही.

माझ्या आईला जाऊन नऊ वर्षे झाली. तिच्या आवाजाची एक ध्वनिफीत माझ्यापाशी आहे. भाच्याने सहज म्हणून टेपरेकॉर्डर लावून ठेवला होता. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ती बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळण्याविषयी कोणाला तरी सूचना देत आहे, आणि झडत्या म्हणणाऱ्या पोरांवर ओरडत आहे. अवघी चार मिनिटे. त्यात ‘पोरा’ हा शब्द सात वेळा येतो. मी मोजले आहेत.

यंदाच्या कार्यकारिणीच्या सभेत वक्तृत्व स्पर्धेच्या गुणपत्रिकेवरील ‘उच्चार’ हे सदर बदलून ‘स्पष्टता’ करावे, असा ठराव मी मांडला आहे. दोन सदस्यांचा त्यास विरोध आहे. त्यांचे म्हणणे असे की अशाने व्यासपीठावरील मराठीला काही धरबंध राहणार नाही. त्यांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही, आणि निर्णय पुढील सभेत व्हावयाचा आहे. ती मुलगी आता कॉलेजात असेल. तिच्या घरापर्यंत ही स्मरणिका पोहोचेल की नाही सांगता येत नाही. पण पोहोचली, तर तिने आपल्या आजीला सांगावे की ‘पोरा’ बरोबर आहे, आणि चूक गुण देणाऱ्याची होती.